चादरीवरचा मोर आणि पंचावन्न इंची टीव्ही

सोलापुरी चादर अंथरून तिच्यावरच्या मोराकडे अगदी नाक टेकवून पाहिलं, तर मोर सापडत नाही. सापडतात त्या पायऱ्या. पिसाऱ्याची लांबून गोल वाटणारी कड जवळून पाहावी तर दोन धागे आडवी, एक धागा उभी, पुन्हा दोन आडवी अशी चढत गेलेली. जेकार्ड मागावर विणायची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. जिथे ताण्याचा धागा बाण्याच्या धाग्याला भेटतो ती प्रत्येक जागा म्हणजे कागदावरची एक चौकट. कुठली भरायची आणि कुठली कोरी ठेवायची, एवढाच निर्णय नक्षी काढणाऱ्याच्या हातात असतो. तो निर्णय पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकांतून मागाला कळतो. जाकार नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ साली बसवलेली ही युक्ती पुढे संगणकाच्या इतिहासात जाऊन बसली, ती उगीच नाही. भरलेली चौकट, कोरी चौकट. संगणकाचा पडदा अजूनही हेच करतो.

म्हणून मोठा टीव्ही संगणकाला जोडून त्यावर गेम खेळायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी घरातली चादर बघावी असं मला मनापासून वाटतं. चार हात लांब गेलं की पायऱ्या विरघळतात आणि मोर मान वळवून बघायला लागतो. ते अंतर कुठलं, हा पहिला प्रश्न. बाकी केबल, पोर्ट, सेटिंग सगळं नंतर.

कापडाचा पोत इंचात किती धागे बसतात त्यावर ठरतो, तसा पडद्याचा पोत इंचात किती ठिपके बसतात त्यावर ठरतो. ऑफिसात असतो तो २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा) मॉनिटर इंचाला ९२ ठिपके देतो. ४३ इंची फोर-के (३८४० बाय २१६०) टीव्ही १०२ देतो, म्हणजे मॉनिटरपेक्षाही बारीक वीण. ५५ इंची फोर-के ८० वर येतो. तोच ५५ इंची टीव्ही नुसता फुल एचडी असेल तर ४०, आणि बऱ्याच घरांत अजून असलेला ३२ इंची एचडी रेडी टीव्ही ४९. या शेवटच्या दोघांना टेबलावर ठेवून त्यांच्यासमोर दोन फुटांवर बसलं, की अक्षरांच्या कडा चादरीच्या मोरासारख्या दिसायला लागतात. त्यात एचडी रेडी टीव्ही १०८० ओळींचा सिग्नल आनंदाने घेतो आणि आतल्या आत ७६८ ओळींत कोंबतो, त्यामुळे बारीक अक्षरांचे पाय तुटतात. अशा टीव्हीला विंडोजमधून १३६६ बाय ७६८ किंवा १३६० बाय ७६८ द्यावं. मग अक्षर मोठं दिसेल, पण निदान शाबूत राहील.

निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. त्यावरून सरळ गणित निघतं. ५५ इंची फोर-के टीव्हीचे ठिपके साडेतीन फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात. ५५ इंची फुल एचडीचे मिसळायला सात फूट लागतात. ४३ इंचीत हेच आकडे पावणेतीन आणि साडेपाच फूट. सोलापुरात जुळे सोलापूर नाहीतर विडी घरकुल अशा वसाहतीतल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये टीव्हीचं शोकेस एका भिंतीला आणि बसणारा समोरच्या भिंतीला टेकून, असा विचार केला तर मधे सात फूटच उरतात. या सात फुटांवरून ५५ इंची पडद्यावर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. या वाक्याचा उपयोग पुढे ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे गेमचं चित्र रंगवणाऱ्या भागाची, वेळ येईल तेव्हा होईल, आणि तो हजारो रुपयांचा उपयोग आहे.

आता उलट बाजू. ठिपके दिसत नाहीत म्हणून साडेतीन फुटांवर ५५ इंची लावावा का? माझं मत स्पष्ट नाही असं आहे. पडदा १२२ सेंटिमीटर रुंद. साडेतीन फुटांवरून तो नजरेचा साठ अंश कोन व्यापतो. गाडी चालवायच्या गेममध्ये हे स्वर्गसुख. पण बंदुकीच्या गेममध्ये नकाशा डाव्या कोपऱ्यात, गोळ्यांचा आकडा उजव्या कोपऱ्यात, आणि दोन्हींसाठी मान फिरवावी लागते. आरामात खेळायचं तर पडद्याने तीस ते चाळीस अंश व्यापावेत. ५५ इंचीसाठी ते अंतर साडेपाच ते साडेसात फूट येतं, ४३ इंचीसाठी सव्वाचार ते सहा. रोजचं टायपिंगही त्याच पडद्यावर करायचं असेल तर ४३ इंची घ्यावा, तीस इंच खोलीचं टेबल करून घ्यावं आणि टीव्ही टेबलावर न ठेवता मागच्या भिंतीवर टांगावा. सुताराकडून बनवलेलं नेहमीचं टेबल दोन फूट खोल असतं. त्यावर टीव्हीचे पाय ठेवले की पडदा आणि कीबोर्ड यांच्यात वीतभर जागा राहते आणि संध्याकाळी मान धरते.

उंचीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सरसकट चूक होते. टीव्ही बसवायला येणारी मुलं सवयीने पाच फुटांवर ब्रॅकेट ठोकून जातात, कारण खाली शोकेस असतं आणि लहान मुलांचा हात लागू नये असंही घरच्यांना वाटतं. बातम्या बघायला ते चालून जातं. दोन तास गेम खेळायला नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो, मांडी घालून बसलेल्याचा अडीच फुटांवर. पडद्याचा मध्य डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा. सतरंजीवर, भिंतीला लोड लावून खेळायची पद्धत असेल तर ५५ इंची टीव्हीला एक फूट उंचीचा बाक नेमका बसतो: एक फूट बाक, वर दोन इंच पाय, आणि तिथून पडद्याचा मध्य सव्वा फूट. खाली बसून खेळणाऱ्यासाठी याहून चांगली मांडणी मला सुचत नाही, आणि त्यासाठी भिंतीला एक भोकही पाडावं लागत नाही.

जागा ठरली, आता जोडणी. केबल खोचण्याआधी अर्थिंग तपासा. हा सल्ला ऐकायला फार जुनाट वाटतो, पण एचडीएमआय, म्हणजे संगणकातून टीव्हीत चित्र नेणाऱ्या केबलचं पोर्ट, जळण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच येऊन थांबतात. टीव्हीला बहुतेक वेळा दोनच पिना असतात, त्यामुळे त्याचं धातूचं अंग हलकंसं तरंगत्या विजेवर असतं. संगणकाला तीन पिना असतात, पण घराच्या बोर्डातली तिसरी पिन मागे कशालाच जोडलेली नसेल तर त्याचंही तेच. कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळे. त्यात टीव्हीला गच्चीवरून आलेली केबल किंवा डिशची वायर लावलेली. अशा वेळी दोन्ही यंत्रं चालू ठेवून एचडीएमआय खोचली, तर हा फरक त्या बारीक पिनांमधून वाट काढतो. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवावं. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर आधी ते दुरुस्त करावं. तोवर आणि त्यानंतरही, दोन्हींची बटणं बंद, डिशची वायर काढलेली, मग एचडीएमआय, मग बाकीचं, हाच क्रम ठेवावा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की डिशची वायर काढून ठेवणं हा या शहरातल्या जुन्या टीव्हीवाल्यांचा शिरस्ता आहे, तो संगणकालाही लागू.

केबल संगणकाच्या मागे कुठे खोचायची, इथे चकित करण्याइतके लोक चुकतात. वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी उभं असलेलं एचडीएमआय हे मदरबोर्डचं. ग्राफिक्स कार्डाचं खाली, आडवं असतं. वरच्यात खोचलं की कार्डावर खर्च केलेले पैसे तिथेच राहतात आणि गेम रखडत चालतो. टीव्हीच्या बाजूलाही सगळी पोर्टं सारखी नसतात. कुठलं पोर्ट पूर्ण वेगाचं ते मागच्या लेबलावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. १.४ आवृत्तीच्या पोर्टातून फोर-के फक्त ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने, जातं, आणि तसं झालं की माउसचा बाण सरकत नाही, उड्या मारतो. २.० मधून ६० हर्ट्झ मिळतं, २.१ च्या पूर्ण ४८ जीबीपीएस वेगाने १२० हर्ट्झ. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा डोळ्यांनी वाचावा, अंदाजावर राहू नये.

केबलची लांबी हॉलमध्ये पटकन वाढते, कारण संगणक एका कोपऱ्यात आणि टीव्ही दुसऱ्या. फोर-के ६० साठी साधी तांब्याची चांगली केबल पाच मीटरपर्यंत बहुधा साथ देते. १२० साठी तीन मीटरपर्यंतच भरवसा, आणि खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल असलेलीच घ्यावी. दहा मीटर हवी असेल तर आत काचेचे तंतू असलेली ऑप्टिकल केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं. उलटी लावली की पडदा काळा. ती भिंतीच्या पायपातून ओढण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघावी, एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं. केबल कमी पडत असेल तर चित्र धूसर होत नाही. पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा दर काही मिनिटांनी सेकंद-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. हे दिसलं की हर्ट्झ कमी करून बघावेत. थांबलं, तर दोष केबलचा.

चित्र आलं. आता खरं काम सुरू होतं, कारण टीव्ही हे फार प्रेमळ यंत्र आहे. जे काही आत येतं ते तो सजवून दाखवतो: कडा गडद करतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो, चारही बाजूंनी थोडं कापून चित्र मोठं करतो. बघणाऱ्यासाठी हे सगळं मायेपोटी केलेलं असतं. खेळणाऱ्याच्या हातात माउस असतो आणि त्याला आपल्या हाताचं उत्तर लगेच हवं असतं. तेव्हा टीव्हीची ही एकेक सवय सोडवत जायचं.

पहिली सवय कापण्याची. टास्कबार अर्धा खाली गेलेला दिसला, खिडकीचं बंद करायचं चिन्ह कोपऱ्यात दिसेना, तर समजावं की टीव्ही कडा कापतोय. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये डिस्प्ले एरिया 'फुल पिक्सेल' असं करावं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र आवळून बसवू नये, कारण मग एक ठिपका एका ठिपक्यावर बसत नाही आणि सगळा पडदा किंचित धुरकट होतो.

दुसरी, शार्पनेसची. एक काळं अक्षर घ्या आणि नोटपॅडमध्ये पांढऱ्यावर मोठं करून बघा. अक्षराभोवती पांढऱ्यापेक्षाही पांढरी अशी एक बारीक कड उमटलेली दिसेल, जणू अक्षराला खडूने गिरवलंय. शार्पनेस खाली आणत जा, ती कड विरते तिथे थांबा. सॅमसंगमध्ये ते शून्याला, सोनीमध्ये ५० ला येतं. इतरांत डोळ्यांनी ठरवावं.

तिसरी सवय रंगाची, आणि इथे पुन्हा चादरीपाशी यावं लागतं. सिनेमा आणि मालिका साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. चेहऱ्यावर, आभाळावर ते कुणाच्या लक्षात येत नाही. टीव्ही संगणकाच्या चित्रालाही तशीच वागणूक देतो. मग काळ्यावर लाल किंवा निळं बारीक अक्षर असेल तर त्याचा रंग शेजारच्या ठिपक्यांत पसरतो, कच्च्या रंगाचं सूत पहिल्या धुण्यात पसरावं तसा. पेंट उघडून काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात बारीक ओळ लिहावी. लाल रेघा मिटमिट्या आणि चिकटलेल्या दिसल्या तर रंग कापला जातोय. उपाय सोपा पण लपवलेला असतो. टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करायचं. एलजी आणि सॅमसंगमध्ये एवढ्याने ४:४:४, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रंग मिळतो. सोनीमध्ये 'ग्राफिक्स' हा चित्राचा प्रकार निवडावा. शिवाय त्या पोर्टाचा पूर्ण वेग सुरू केलेला हवा: एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. अक्षराच्या कडेला लाल-निळी झाक दिसत राहिली, तर विंडोजचं अक्षरांच्या कडा नितळ करणारं क्लिअरटाइप पुन्हा जुळवून घ्यावं. काही टीव्हींच्या पॅनेलमध्ये लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो, तिथे ते पूर्ण बरं होत नाही.

काळ्या रंगाचाही एक घोळ आहे. टीव्हीच्या जगात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर असतं, संगणकाच्या जगात ० आणि २५५ वर. दोघांचं जमलं नाही तर दोनच गोष्टी होतात. एक तर सगळं चित्र राखाडी, धुतलेलं दिसतं, नाहीतर अंधारात लपलेला शत्रू अंधारातच राहतो, कितीही डोळे फाडले तरी. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये चेंज रेझोल्यूशनच्या पानावर आरजीबी आणि 'फुल' निवडावं, एएमडीचं असेल तर पिक्सेल फॉरमॅट आरजीबी ४:४:४ पीसी स्टँडर्ड. मग टीव्हीवरचं एचडीएमआय ब्लॅक लेव्हल त्याला जुळवावं. एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्राच्या, बाबतीत माझं मत परखड आहे. पॅनेलला दमदार उजेड आणि काळ्या-पांढऱ्यात खरा फरक जमत नसेल, तर एचडीआर बंद ठेवावं. शिवाय २.० च्या पोर्टातून फोर-के ६० ला एचडीआर सुरू केलं की १० बिटांचा पूर्ण रंग मावत नाही, आणि वर मिळवलेलं ४:४:४ परत हातचं जातं.

आता लॅग, म्हणजे उशीर. 'भावा, लॅग मारतंय' हे वाक्य सोलापुरात गेम खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी असतं, आणि त्यात इंटरनेटचा उशीर, कार्डाचं रखडणं आणि टीव्हीचा उशीर असे तीन वेगळे आजार एकाच नावाने फिरतात. टीव्हीचा उशीर ओळखायची खूण अशी: इंटरनेट काढून टाकलं, गेमही बंद केला, तरी डेस्कटॉपवर माउसचा बाण हाताच्या मागे मागे, पाण्यातून ओढल्यासारखा येतो. नेहमीच्या चित्रप्रकारात टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद आणि कधी त्याहून जास्त उशीर करतो. कारण तो प्रत्येक चित्र थांबवून सजवतो, आणि हालचाल गुळगुळीत करायची असेल तर मधलं चित्र रचण्यासाठी त्याला पुढचं चित्र येईपर्यंत वाट पाहावीच लागते. क्रिकेटच्या गेममध्ये ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू १०० मिलिसेकंदांत जवळपास चार मीटर पुढे सरकलेला असतो. पडद्यावर चेंडू टप्पा पडताना दिसतो तेव्हा गेमच्या हिशेबात तो बॅटपाशी येऊन ठेपलेला असतो. मग मुलगा म्हणतो टायमिंग जमत नाही. त्याच्या टायमिंगला काही झालेलं नसतं.

टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड, म्हणजे सजावट वगळणारा प्रकार, लावला की हाच टीव्ही ६० हर्ट्झला १० ते २० मिलिसेकंदांवर येतो, १२० ला आणखी निम्म्याच्या आसपास. एकट्या ६० हर्ट्झच्या एका चित्राचं आयुष्यच १६.७ मिलिसेकंद असतं, तेव्हा याखाली फार अपेक्षा धरू नये. सोबत ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी येणारी गुळगुळीत हालचाल, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीजबचत हे सगळं बंद. काही जुन्या सॅमसंगमध्ये नुसता गेम मोड लावला तर रंग परत कापला जातो, म्हणून 'पीसी' हे नाव आणि गेम मोड दोन्ही लावून लाल अक्षरांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

मोजायचं असेल तर महागडं यंत्र लागत नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये २४० चित्रांचा वेग असतो. एकाच चौकटीत माउस आणि टीव्ही दोन्ही येतील असा फोन टेकवून ठेवावा, माउसला बोटाने एकदम टिचकी मारावी आणि नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजावा. माउस हलल्यापासून बाण हलेपर्यंत जितकी चित्रं गेली, त्याला ४.२ ने गुणलं की मिलिसेकंद. यात माउस आणि संगणकाचा उशीरही मिसळलेला असतो. म्हणून तोच प्रयोग मित्राकडच्या मॉनिटरवर करून वजाबाकी करावी, आणि एकदाच मोजून न थांबता दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी. गेम मोडच्या आधी आणि नंतर असं दोनदा मोजलं की फरक असा समोर येतो की पुन्हा कुणाला पटवून द्यावा लागत नाही.

विकत घेताना हर्ट्झच्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नये. 'मोशन रेट १२०' असं खोक्यावर छापलेलं पॅनेल आत ६० चंच असू शकतं. काही टीव्ही १२० खरंच देतात, पण आडव्या ओळी निम्म्या करून. आणि 'एचडीएमआय २.१' या शब्दांचा अर्थ १२० हर्ट्झ असा होत नाही. त्या आवृत्तीतल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. आपोआप गेम मोड लागणं आणि ईआर्क (टीव्हीचा आवाज स्पीकरकडे पाठवायची सोय) एवढ्यावरही ते नाव छापता येतं. नवी पेठेच्या बाजारात जाताना पाठीवर लॅपटॉप आणि खिशात स्वतःची केबल न्यावी. दुकानातला टीव्ही झगमगीत डेमोवर ठेवलेला असतो. तो बंद करून लॅपटॉप जोडायला सांगावं, लाल अक्षरं बघावीत, बाण फिरवून बघावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. लॅपटॉपचं स्वतःचं पोर्ट कुठल्या आवृत्तीचं ते मात्र आधी बघून जावं, नाहीतर त्याचा दोष टीव्हीच्या माथी बसतो.

ग्राफिक्स कार्डाचं ओझं हा वेगळाच प्रांत. फुल एचडीत वीस लाख ठिपके, फोर-केत ८३ लाख. कार्डाला चौपट काम. जीटीएक्स १६५० सारखं कार्ड डेस्कटॉप फोर-केत ऐटीत दाखवेल आणि नव्या गेममध्ये मान टाकेल. इथे वरचे सात फूट कामाला येतात. सतरंजीवरून खेळणाऱ्याने गेम १०८० वर ठेवावा, डेस्कटॉप फोर-केवर. १०८० चा एक ठिपका फोर-केच्या बरोबर चार ठिपक्यांवर बसतो, म्हणून चित्र स्वच्छ राहतं. १४४० दीडपटीत अडकतं आणि कडा पसरतात. गेममध्ये एफएसआर किंवा डीएलएसएस, म्हणजे लहान रंगवलेलं चित्र मोठं करून दाखवायची सोय, असेल तर फोर-के निवडून 'परफॉर्मन्स' लावावं: आत १०८० रंगवलं जातं, गेमचे आकडे-अक्षरं मात्र फोर-केतच राहतात. जुन्या कार्डावर जे जमत नव्हतं ते या मार्गाने जमतं, आणि मला ही सोय कार्ड बदलण्यापेक्षा कितीतरी प्यारी वाटते.

टेबलाशी बसून बंदुकीचे गेम खेळणाऱ्यासाठी एक कमी ऐकलेली युक्ती आहे. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये स्केलिंग (चित्र लहान-मोठं करणं) जीपीयूवर, म्हणजे कार्डावर, आणि 'नो स्केलिंग' निवडायचं, मग गेमला २५६० बाय १४४० द्यायचं. ५५ इंची पडद्याच्या मधोमध साधारण ३७ इंचांचं चित्र उमटतं, भोवती काळी चौकट, आणि मान फिरवावी लागत नाही. गाडीच्या गेमला ३८४० बाय १६०० असं स्वतः बनवून दिलं की तोच टीव्ही रुंद, चपट्या मॉनिटरसारखा होतो. मोठ्या पडद्याचा असा लहान वापर करण्यात काही कमीपणा नाही. चादरही थंडीप्रमाणे कधी एकेरी, कधी दुहेरी घेतात.

टीव्हीला झोपायचं कळत नाही, हेही मान्य करावं लागतं. संगणकाने पडदा बंद केला की मॉनिटर गपचूप मिटतो. टीव्ही 'नो सिग्नल'ची पाटी फिरवत काही मिनिटं जागा राहतो. रिमोटनं टीव्ही बंद केला तर उलट संगणकाला वाटतं पडदाच काढून नेला, आणि उघड्या खिडक्या इकडच्या तिकडे होतात. साध्या ग्राफिक्स कार्डाला सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून एकमेकांना चालू-बंद कळवायची भाषा, येत नसल्याने दोघं एकमेकांना सांगू शकत नाहीत. रिमोट हाताशी ठेवणं हाच मार्ग.

ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा टीव्ही, घेणाऱ्याने टास्कबार आपोआप लपेल असा ठेवावा, भिंतचित्र काळं, स्क्रीनसेव्हर दोन-तीन मिनिटांचा. एकाच गेमचा नकाशा रोज तासन्‌तास एकाच कोपऱ्यात जळत राहिला तर त्याची सावली कायमची उमटू शकते. आपल्याकडे रात्री निजताना मेन बटण बंद करायची सवय आहे. ओलेडच्या बाबतीत ती सोडावी. काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर हा टीव्ही स्टँडबायमध्ये ठिपक्यांची झीज समतोल करतो. मेन बटण बंद केलं की रोजची ती डागडुजी बुडते.

राहिला सोलापूरचा मे महिना. बाहेर ४३-४४ अंश असताना शोकेसच्या खालच्या कप्प्यात दार लावून ठेवलेला संगणक स्वतःचाच गरम श्वास परत ओढतो. कार्ड ८० अंशांच्या पुढे गेलं की वेग आपोआप उतरतो, आणि मग दुपारी चारला रखडणारा गेम रात्री दहाला नीट का चालतो याचं कोडं पडतं. कप्प्याचं दार काढावं, मागची फळी कापावी, कॅबिनेटच्या मागे वीतभर आणि टीव्हीच्या मागे चार बोटं मोकळी ठेवावीत. बॅकअपचा हिशेबही याच महिन्यात लागतो: घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो, गेममधला संगणक अडीचशे-तीनशे आणि ५५ इंची टीव्ही शंभर-सव्वाशे वॉट घेतात. दिवे गेल्या क्षणी यूपीएसही ओरडून बंद पडतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा, किंवा यूपीएसवर फक्त संगणक ठेवावा. टीव्ही अचानक गेला तर काही बिघडत नाही, सेव्ह न झालेला गेम गेला तर बिघडतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक किंवा साखर पेठेच्या बाजूला, शेजारी यंत्रमाग धडधडत असतील तर हवेत सुताचे तंतू असतात. साध्या धुळीपेक्षा हे वाईट, कारण पंख्याच्या आत जाऊन त्यांचा नमद्यासारखा थर जमतो आणि ब्रशने निघत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर नायलॉनची बारीक जाळी लावावी आणि दर पंधरा दिवसांनी धुवून, सावलीत पूर्ण वाळवून परत बसवावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, भरधाव फिरवू नये. पडद्यासाठी मात्र घरातला टॉवेल नको, तो कितीही मऊ सोलापुरी असला तरी. त्याच्या फासांत अडकलेला एखादा खडा पडद्यावर रेघ ओढून जातो. चष्म्याचं कोरडं मायक्रोफायबर कापड, टीव्ही बंद आणि थंड असताना, वरून खाली.